अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस (१९६५) : सणात उदास असलेला मुलगा

निवांत

नाताळच्या जुन्या अमेरिकन कार्टूनपटांपैकी एकावर स्वतंत्र धागा हवा असं बरेच दिवस मनात होतं. 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस'. पंचवीसेक मिनिटांचा कार्यक्रम. ९ डिसेंबर १९६५ च्या गुरुवारी संध्याकाळी सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा लागला. चार्ल्स शुल्झची 'पीनट्स' ही चित्रमालिका इथे अनेकांना इंग्रजी वर्तमानपत्रांतून माहीत असेल: गोल डोक्याचा चार्ली ब्राऊन, पांघरूण कवटाळून फिरणारा लायनस, तोंडाळ लूसी, स्नूपी कुत्रा. ही मंडळी टीव्हीवर पूर्ण गोष्ट घेऊन पहिल्यांदा आली ती याच कार्यक्रमातून.

सुरुवातीलाच चार्ली ब्राऊन लायनसला सांगतो की नाताळ आलाय, पण मला आनंदच होत नाहीये. भेटी आवडतात, कार्डं पाठवायला आवडतात, झाड सजवायला आवडतं, आणि एवढं करून शेवटी मी उदासच. थोड्या वेळाने तो पत्रपेटी उघडून बघतो. एकही कार्ड नाही. मी कुणाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, मग ते ठसवायला वर हा सण कशाला, असं तो म्हणतो. लहान मुलांसाठीच्या कार्यक्रमात इतकं खरं बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. सगळीकडे रोषणाई असते तेव्हा एकटं माणूस जास्त एकटं होतं, हे शुल्झला माहीत होतं आणि मुलांनाही ते कळतं यावर त्याचा विश्वास होता.

मग तो लूसीच्या टपरीवर जातो. पाच सेंटांत मानसोपचार! डब्यात पडलेल्या नाण्याच्या आवाजानेच ती हरखते. नंतर एकेका भीतीचं नाव घेत तुला ही आहे का, ती आहे का असं विचारत जाते. शेवटी 'सगळ्याचीच भीती' हे नाव निघतं आणि चार्ली इतक्या जोरात 'हेच ते!' म्हणून ओरडतो की लूसी उडून पडते. तिचा सल्ला असा, की कशात तरी गुंतून घे, आमच्या नाताळच्या नाटकाचं दिग्दर्शन कर. तालमीत कुणीही त्याचं ऐकत नाही. श्रोडर पियानो वाजवतो आणि सगळे नाचत सुटतात. शर्मी नावाच्या मुलाला दरवर्षीसारखं मेंढपाळच व्हावं लागतं. लूसीला नाताळची राणी व्हायचंय. चार्लीची धाकटी बहीण सॅली आधीच सांताला पत्र लिहवून घेते, की यादी मोठी वाटली तर सरळ पैसेच पाठवा, दहा-दहा वीस-वीसच्या नोटा चालतील. स्नूपी आपलं खुराडं दिव्यांनी मढवून स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवतो. लूसीला खरं तर हवी आहे जमीनजुमल्याची मालमत्ता, खेळणी नकोत. यात दुष्ट कुणी नाही. प्रत्येकाला आपल्याला काय हवं ते नेमकं सांगता येतं, फक्त चार्लीला येत नाही.

नाटकासाठी मोठं, चकचकीत ॲल्युमिनियमचं झाड आणायला पाठवलेला हा मुलगा दुकानातलं एकमेव खरं झाड घेऊन येतो. मरतुकडं, चार काटक्यांचं. सगळे त्याला हसतात. तेव्हा तो कळवळून विचारतो, नाताळ म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही का?

लायनस म्हणतो, मला माहीत आहे. रंगमंचाच्या मध्यभागी जातो, प्रकाश मंद करायला सांगतो आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या, येशूच्या जन्माची वार्ता सांगणाऱ्या दुसऱ्या अध्यायाच्या आठ ते चौदा ओव्या म्हणतो. मागे संगीत नाही, काही नाही. एक लहान मुलगा पाठ केलेलं शांतपणे म्हणतोय. संपल्यावर टाळ्या पडत नाहीत, कुणी रडतही नाही. चार्ली आपलं झाड उचलून बाहेर पडतो. तिथेही सगळं लगेच ठीक होत नाही. झाडाला एक लाल गोळा लावताच ते वाकून जमिनीला टेकतं आणि त्याला वाटतं आपण ते मारलं. तो निघून जातो. मागून मुलं येतात, लायनस आपलं पांघरूण झाडाच्या बुंध्याला गुंडाळतो, स्नूपीच्या खुराड्यावरचे दिवे काढून झाडाला लावले जातात.

हे सगळं तयार झालं सुमारे सहा महिन्यांत. निर्माता ली मेंडेलसनने आधी शुल्झवर एक माहितीपट केला होता, तो एकाही वाहिनीने घेतला नव्हता. १९६५ मध्ये कोका-कोलाच्या जाहिरात एजन्सीने नाताळसाठी काही आहे का असं विचारलं, आणि शुल्झ-मेंडेलसन जोडीने एका दिवसात आराखडा लिहून दिला. शुल्झचे हट्ट तीन. आधीच मुद्रित केलेल्या हास्याचा आवाज मागे घालायचा नाही. तेव्हा अमेरिकन विनोदी कार्यक्रमांत, कार्टूनमध्येसुद्धा, तो सर्रास असायचा. मुलांचे आवाज मुलांनीच द्यायचे. आणि बायबलचा उतारा राहील. मेंडेलसन आणि दिग्दर्शक बिल मेलेंडेझ या उताऱ्याबाबत कचरत होते, पण शुल्झ म्हणाला, आपण नाही करायचं तर कोण करणार?

सीबीएसच्या अधिकाऱ्यांना पाहून झाल्यावर हा कार्यक्रम आवडला नाही. फार संथ, मुलांचे आवाज कच्चे, नाताळला जॅझ कुठे चालतं का! पण प्रक्षेपणाची वेळ जाहीर झाली होती, म्हणून दाखवावा लागला. सुमारे दीड कोटी घरांनी तो पाहिला, म्हणजे त्या वेळी टीव्ही चालू असलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी. त्या आठवड्यात त्याच्या वर फक्त 'बोनान्झा' ही मालिका होती. पुढे एमी पुरस्कार मिळाला, पीबडी पुरस्कार मिळाला.

माझं म्हणणं एवढंच, की अधिकाऱ्यांना खटकलेला तो संथपणा हाच या गोष्टीचा प्राण आहे. उदास माणसाशी भरभर बोलून चालत नाही. तुम्ही पाहिला असेल तर तुम्हाला काय वाटलं ते लिहा.

---

तबकडी

धाग्याबद्दल मनापासून आभार. संगीताबद्दल लिहायलाच हवं.

या कार्यक्रमाचा संगीतकार विन्स ग्वाराल्डी हा सॅन फ्रान्सिस्कोचा जॅझ पियानिस्ट. मेंडेलसन टॅक्सीतून गोल्डन गेट पुलावरून जाताना रेडिओवर त्याची 'कास्ट युवर फेट टू द विंड' ही रचना लागली होती, तिथून हा योग जुळला. मुलं ज्यावर नाचतात ती 'लायनस अँड लूसी' ही धून खरं तर त्या न विकल्या गेलेल्या माहितीपटासाठीच बनली होती. डावा हात तीच आकृती घट्ट धरून ठेवतो आणि उजवा वर बागडतो. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला ती वाजवावीशी वाटते, आणि दोन हात वेगळे करताना चांगलीच दमछाक होते.

'ख्रिसमस टाइम इज हिअर' आधी फक्त वाद्यांवर होतं. शब्द असावेत असं ठरलं, गीतकार वेळेत मिळेना, तेव्हा मेंडेलसनने स्वतःच एका लिफाफ्यावर थोड्या मिनिटांत ते लिहून काढले. गायलं कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्चच्या मुलांनी. सूर किंचित इकडेतिकडे होतात. तसेच ठेवले आहेत, आणि त्यामुळेच ते ऐकताना समोर खरी मुलं उभी आहेत असं वाटतं. शब्द आनंदाचे आहेत, स्वरसंगती मात्र हुरहुर लावणारी. निवांत, तुम्ही ज्या उदासीबद्दल लिहिलंय ती पहिला संवाद सुरू व्हायच्या आधीच या गाण्याने मांडलेली असते.

कार्यक्रमातल्या संगीताचा अल्बम २०१२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला गेला. ग्वाराल्डी १९७६ मध्ये गेला, अवघा ४७ वर्षांचा होता. घरात कधी लावून बसलात तर त्यातली 'स्केटिंग' ही धून नीट ऐका. वरच्या सप्तकातून उतरणारे ते स्वर आणि पडद्यावरचा भुरभुरणारा बर्फ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

---

डोंगरवाट

+१. 'स्केटिंग' माझंही सर्वांत आवडतं.

---

परखड

मी पाहिलाय, दोनदा. आवडलाही. पण दोन गोष्टी बोचतात, त्या लिहितो.

पहिली. नाताळचा बाजार झाला म्हणून हळहळणारा कार्यक्रम, आणि पैसे कोका-कोलाचे! मूळ प्रक्षेपणात कंपनीचं नाव कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दृश्यात गुंफलेलं होतं, ते नंतर काढलं गेलं. बाजारावर टीका करायची ती बाजाराच्याच पैशाने, हे मला पचत नाही.

दुसरी. मुलं चार्लीला अखंड टाकून बोलतात. मूर्ख म्हणतात, हसतात. आणि मग एका झटक्यात झाड सजवून 'मेरी ख्रिसमस, चार्ली ब्राऊन!' इतकं सोपं असतं का? कुणी त्याची माफी मागत नाही.

---

निवांत

परखड, दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मलाही महत्त्वाचा वाटतो. माफी मागत नाहीत हे खरं आहे. मला ते बरोबर वाटतं. त्या वयाची मुलं शब्दांत माफी मागत नाहीत, ती काहीतरी करून दाखवतात. आणि बारकाईने पाहिलंत तर ती झाड सजवतात तेव्हा चार्ली तिथे नसतो. त्याला दाखवण्यासाठी ते चाललेलं नाही. झाड इतकं काही वाईट नव्हतं, त्याला थोडी माया हवी होती, असं लायनस म्हणतो आणि सगळे कामाला लागतात. लूसीसुद्धा कबूल करते की चार्ली ब्राऊन ठोकळा असला तरी झाड छान निवडलंय. ठोकळा म्हणायचं ती सोडत नाही, आणि म्हणूनच मला तिचं ते कौतुक खरं वाटतं.

पैशाबद्दल. १९६५ मध्ये अमेरिकन वाहिनीवर प्रायोजकाशिवाय असा कार्यक्रम झालाच नसता. प्रश्न असा, की प्रायोजकाने गोष्टीला हात लावला का? बायबलचा उतारा राहिला, उदासी राहिली, नाताळ एक बडी टोळी चालवते हे लूसीचं वाक्यही राहिलं. पैसे घेऊन शुल्झने आपलं म्हणणं बोथट केलं नाही, माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

---

सामवेदी

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जे शुभवर्तमान वाचलं जातं ते लूकच्या याच अध्यायातलं. म्हणजे लायनस जे म्हणतो ते मी लहानपणापासून मराठीत ऐकत आलोय, थंडीत, अर्धवट झोपेत, नवे कपडे घालून. पहिल्यांदा हा कार्यक्रम पाहिला तेव्हा इंग्रजी शब्द किंग जेम्स बायबल या जुन्या भाषांतरातले, जुन्या वळणाचे असूनही एकेक ओळ कळत गेली.

सांगायचं ते वेगळंच. लायनस कधीही पांघरूण सोडत नाही हे 'पीनट्स' वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. रंगमंचावर येतो तेव्हाही ते त्याच्या हातात असतं. देवदूत मेंढपाळांना 'भिऊ नका' म्हणतो त्या ओळीवर त्याच्या हातून ते सुटतं. कुणी त्यावर बोट ठेवत नाही, कॅमेरा जवळ जात नाही. कितीतरी लोक वर्षानुवर्षं पाहूनही ते त्यांच्या नजरेतून निसटलेलं असतं. पुढच्या वेळी पाहताना हातांकडे लक्ष ठेवा.

आणि तो ते कसं म्हणतो! आवाज चढवत नाही, भाव खात नाही. आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना वाचनाला उभं करतात तेव्हा काही मुलं अगदी असंच वाचतात, आणि मोठ्यांच्या घोटीव वाचनापेक्षा ते आत पोचतं. शुल्झ स्वतः चर्चमध्ये शिकवायचा. मुलांच्या तोंडून ही वचनं कशी येतात हे त्याने ऐकलेलं असणार.

---

रेघोटी

ॲनिमेशनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं कामच ते आहे.

तांत्रिकदृष्ट्या कार्यक्रमात चुका भरपूर आहेत. चार काटक्यांचं झाड सजवताना अचानक भरगच्च होतं. मुद्रा आणि आवाज काही ठिकाणी जुळत नाहीत. वेळ आणि पैसा दोन्ही कमी होते.

पण मेलेंडेझने काय पेललं ते पाहा. शुल्झची पात्रं कागदावर दोनच बाजूंनी नीट दिसतात, समोरून आणि बाजूने. डोकं एवढं मोठं आणि हात एवढे आखूड की हात डोक्यावर पोचतच नाहीत. अशा पात्राला वळवायचं, चालवायचं, नाचवायचं कसं? मेलेंडेझ मूळचा मेक्सिकोचा, डिस्नेत 'बांबी'सारख्या चित्रपटांवर काम केलेला, नंतर यूपीए या ॲनिमेशन स्टुडिओत. शुल्झची ओळख झाली फोर्डच्या फाल्कन गाडीच्या जाहिरातींतून, त्यांत हीच पात्रं होती. त्याने पात्रांना डिस्नेसारखं लवचीक करायचा मोह टाळला, शुल्झचा त्याच्यावर विश्वास बसला तो यामुळेच. चार्ली चालतो तेव्हा अंग जवळजवळ स्थिर आणि पाय तुरुतुरु. नाचाचं दृश्य आठवा. प्रत्येकाला दोन-तीन हालचाली, त्याच पुन्हा पुन्हा, आणि तरी जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे नाचतोय. साठ वर्षांनीही लोक पार्ट्यांत त्या स्टेप्स करतात.

स्नूपीचा आवाज मेलेंडेझचाच. बडबडून ध्वनिमुद्रण करायचं आणि फीत वेगात चालवायची. सॅलीचा आवाज दिलेली कॅथी स्टाइनबर्ग इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं. एकेक तुकडा सांगून तिच्याकडून म्हणवून घेतला. माझ्या वाट्याचं मला हवंच असं ती ठणकावते, त्या वाक्यातले अडखळे तिथून आलेत. मोठ्या नटीने ते जन्मात केलं नसतं.

---

गिरिजा_न्यूजर्सी

इथल्या घरात हा कार्यक्रम आमच्या मुलांमुळे आला. शाळेत सगळे त्याबद्दल बोलायचे. आता मुलं मोठी झाली तरी डिसेंबरात एकदा एकत्र बसतोच.

ॲल्युमिनियमच्या झाडांबद्दल थोडी भर. ती शुल्झची कल्पना नव्हे, खरोखर तेव्हाची फॅशन होती. १९५९ च्या सुमाराला विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावात ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. चंदेरी, सोनेरी, गुलाबीसुद्धा. धातूच्या झाडावर विजेच्या माळा लावणं धोक्याचं, म्हणून खालून रंगीत चकती फिरवून प्रकाश टाकायचे. लूसी गुलाबी झाड मागते ते ऐकून तेव्हाच्या प्रेक्षकांना आपलीच बैठकीची खोली आठवली असणार. हा कार्यक्रम आला आणि दोन-तीन वर्षांत त्या झाडांची चलती ओसरली. सगळं श्रेय कार्यक्रमाला द्यावं का, याबद्दल मी सावध आहे, फॅशन तशीही जातेच. पण लायनस त्या रांगेतल्या एका झाडावर टकटक करतो तेव्हा येणारा पोकळ डब्यासारखा आवाज ऐकल्यावर तसलं झाड घरी आणणं अवघड झालं असेल.

एक खंत आहे. ३५ वर्षं तो सीबीएसवर, मग २००१ पासून एबीसीवर ठरलेल्या संध्याकाळी लागायचा. २०२० मध्ये हक्क ॲपल टीव्हीकडे गेले. लोकांनी इतकी ओरड केली की त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवावा लागला. नंतर तेही बंद झालं. ॲपल काही ठरावीक दिवस फुकट बघू देतं, ते बरं आहे, पण एकाच वेळी शेजारच्या सगळ्या घरांत तेच चालू असणं यात जे होतं ते गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिलेली असायची.

---

परखड

निवांत, चार्ली तिथे नसताना ते झाड सजवतात हा मुद्दा मी पाहिलाच नव्हता. आज पुन्हा लावला. पटलं. कोका-कोलाबद्दल मात्र मत तेच.

---

मोगरा

मुलगी सात वर्षांची आहे. दाखवावा का? सध्या ती जी कार्टूनं बघते ती इतकी वेगवान आहेत की हे तिला कंटाळवाणं वाटेल अशी भीती आहे. आणि 'डिप्रेस्ड' वगैरे शब्द इतक्या लवकर नकोत असंही वाटतं.

---

गिरिजा_न्यूजर्सी

नक्की दाखवा. आमची धाकटी पाच वर्षांची होती. स्नूपीसाठी बसली आणि झाड वाकलं तेव्हा एकदम गप्प झाली. तो का रडवेला झालाय असं तिनेच विचारलं, त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. शब्दाची काळजी करू नका. मुलांना ती भावना आधीच माहीत असते. सोबत मात्र बसा, एकटीला लावून देऊ नका.

---

तबकडी

मोगरा, वेगाबद्दल एक सुचवू? आधी दोन-चार दिवस घरात नुसतं संगीत लावा. धून ओळखीची झाली की मुलं चित्राकडे आपोआप ओढली जातात.

---

डोंगरवाट

याच काळातले आणखी दोन राहिले. 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' १९६४ चा, बाहुल्या एकेक चौकट हलवून केलेला, आणि ते काम जपानमध्ये झालं होतं. 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' १९६६ चा, दिग्दर्शक चक जोन्स, निवेदन नट बोरिस कार्लॉफचं. तीन वर्षांत तीन, आणि तिन्हींत कुणीतरी सणाबाहेर उभा आहे. रुडॉल्फ या रेनडिअरला लाल चमकत्या नाकामुळे हाकललंय, नाताळचा तिटकारा असलेला ग्रिंच डोंगरावर एकटा राहतो, चार्लीला कार्ड येत नाही. निवांत, तुम्ही म्हणता ती उदासी या एकाच कार्यक्रमाची नाही, त्या काळच्या लेखकांना एकूणच ती दिसत होती असं मला वाटतं.

---

निवांत

डोंगरवाट, तिन्ही एका रांगेत ठेवून मी कधी पाहिले नव्हते. पण फरक मोठा आहे. रुडॉल्फचं नाक धुक्यात उपयोगी पडतं म्हणून त्याला परत घेतात. ग्रिंचचं हृदय मोठं होतं, तो बदलतो. चार्ली ब्राऊन कुणाच्या उपयोगी पडत नाही आणि बदलतही नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो पुन्हा तसाच हिरमुसलेला असणार, आणि शुल्झ फेब्रुवारी २००० मध्ये गेला तोपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, तो तसाच राहिला. तरी त्या संध्याकाळी सगळे त्याच्यासाठी गायले. रुडॉल्फसारखं काही करून दाखवायची अट त्याला कुणी घातली नाही, म्हणून तिघांत मला हाच जवळचा.

ग्रिंचवर वेगळा धागा काढा, डोंगरवाट. कार्लॉफच्या आवाजाबद्दल मला पुष्कळ लिहायचंय.

---

सामवेदी

मोगरा, मुलीने पाहिला की इथे कळवा. पांघरूण सुटलेलं तिला दिसलं का, तेही विचारा. मुलांना ते मोठ्यांच्या आधी दिसतं.